गोळा लहान, कालवण मोठं

आक्र्याला निघते आहेस, तर बॅगेत तांदूळ, डाळी आणि पोहे कोंबू नकोस. गोडा मसाला, हिंग, आमसुलं आणि रोजची औषधं घे, तेवढं पुष्कळ झालं. बाकी सगळं तिथे मिळतं, आणि त्यातलं बरंचसं तुझ्या ओळखीचं आहे. आपली बाजरी मूळची तिकडचीच. मालीच्या उत्तर भागात टिलेम्सीच्या खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वी लोक बाजरी पिकवत होते, याचे पुरावे मिळाले आहेत. चवळी तिकडची. घानाच्या मध्यावर किंटांपोच्या परिसरात तिचे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे दाणे सापडले. वसईच्या बाजूला जाडजूड बुंध्याची गोरखचिंच पाहिली आहेस ना, तीही आफ्रिकेतूनच आली. शेवगा मात्र आपल्याकडून तिकडे गेला. उत्तर नायजेरियात त्याचा पाला उकडून शेंगदाण्याच्या पेंडीबरोबर कालवून खातात. त्याला ते झोगाले म्हणतात आणि बाजारात त्याचे ढीग लागलेले असतात. तेव्हा परमुलखात परकं अन्न खावं लागणार, असं मनात धरून जाऊ नकोस.

माझा संसार तेमात आणि आक्र्यात झाला, हे तुला ठाऊक आहे. पुढे जे सांगते आहे ते शेजारच्या म्हाताऱ्या बायकांकडून, बाजारातल्या विक्रेत्या बायकांकडून आणि बाळांच्या दवाखान्यातल्या एका जाणत्या नर्सकडून माझ्यापर्यंत आलं. मी ते आयुष्यभर वापरलं, म्हणून तुला देते आहे.

पहिली गोष्ट पक्की कानात ठेव. गोळा लहान, कालवण मोठं. तिकडच्या जेवणाचे दोन भाग असतात. एक पिठूळ गोळा: कसावा आणि हिरवी केळी कुटून केलेला फुफू, आंबवलेल्या मक्याचा बांकू, उत्तरेकडे बाजरीच्या किंवा मक्याच्या पिठाचा तुओ झाफी. दुसरं कालवण, ज्याला तिकडे सूप म्हणतात. त्यात पाला, शेंगदाणे किंवा पामची फळं, भेंडी, वांगी, मासळी, मिरची. गोळ्याने पोट भरतं, पण अंगाला जे लागायचं ते सगळं कालवणात असतं. माझ्या शेजारच्या आजीचा गोळा मुठीएवढा असायचा आणि वाडगा कालवणाने काठोकाठ भरलेला. आता चॉप बारमध्ये जा, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत. समोर डोक्याएवढा गोळा येतो आणि त्याच्या भोवती पातळ रस्सा. कसावा स्वस्त, पाला निवडायला वेळ लागतो आणि मासळी महाग, म्हणून हे असं होत गेलं. शहरात साखर आणि रक्तदाब वाढला की लोक त्यांच्या जुन्या अन्नाला नावं ठेवतात. जुनं अन्न असं नव्हतंच. तू घरी करशील तेव्हा आजीचं माप धर, आणि गोळा रात्री उशिरा खाऊ नकोस. तो जड असतो, दुपारी खाल्लेला बरा.

आता आंबवण्याबद्दल. तिकडच्या बायकांचं खरं शहाणपण मला इथे दिसलं. आक्र्यात गल्लोगल्ली केंके मिळतो. मका एक-दोन दिवस भिजवायचा, दळायचा, पीठ मळून दोन-तीन दिवस आंबू द्यायचं. मग त्यातलं थोडं पीठ शिजवून कच्च्या पिठात मिसळायचं आणि पानात गुंडाळून उकडायचं. इडलीचं पीठ फुगतं तसं हे फुगत नाही, ते नुसतं आंबट होतं. या आंबटपणाने दोन कामं होतात. वाईट जंतूंना त्यात सहज वाढता येत नाही, म्हणून फ्रीज नसलेल्या घरातही केंके काही दिवस टिकतो. आणि मक्यातलं लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट कमी होतं, म्हणजे तेच दाणे अंगाला जास्त लागतात. ही दोन-तीन दिवसांची वाट कुणी वाचवायला गेलं, तर उरतो तो नुसता मक्याचा लगदा.

केंके घेताना पान बघ. मक्याच्या कणसाच्या सालीत बांधलेला असतो तो गा लोकांचा. त्यात मीठ असतं. केळीच्या जातीतल्या पानात बांधलेला फांटी लोकांचा, तो अळणी असतो. जावईबापूंना रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी दुसराच आणत जा. आणि केंके कधीच कोरडा खायचा नाही. त्याच्याबरोबर ताजी मिरची, टोमॅटो आणि कांदा आसांकात वाटून घ्यायचा. आसांका म्हणजे आतून खाचा असलेली मातीची परात. तिथल्या बाजारातून एक चांगली जड बघून आण. बाटलीतला शितो, म्हणजे मिरचीची चटणी, चवीला झकास असतो, पण तेल आणि मीठ भरपूर. तो बोटभरच घ्यावा.

सकाळी रस्त्यावर कोको मिळतो. चहातला कोको नव्हे, आंबवलेल्या बाजरीची किंवा मक्याची पेज. उत्तरेकडचा, हौसा पद्धतीचा कोको आलं, लवंग आणि मिरी घालून करतात आणि त्याबरोबर चवळी वाटून तळलेले कोसे देतात. तुला वाटेल पेज आणि वडे, यात काय मोठंसं? पण धान्यात जे प्रथिन कमी पडतं ते चवळीत असतं, आणि चवळीत जे उणं ते धान्यात. त्या जोडीत न्याहारी पुरी होते. नुसती पेज पिऊन उठू नकोस, आणि पेजेत साखरेचे डाव ओतायला नाही म्हण. तिकडे न विचारता घालतात.

कसाव्याच्या बाबतीत मात्र थोडं गंभीरपणे सांगते. ज्या कंदाचा साबुदाणा होतो तोच हा. कच्च्या कसाव्यात असे घटक असतात की ज्यांतून सायनाइड सुटतं. कडू जातीत ते फार. पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांनी त्याच्यावर गारी हा उपाय काढला. कंद सोलायचा, किसायचा, किस पोत्यात भरून वर दगड ठेवायचे, दोन-तीन दिवस आंबून पाणी निथळू द्यायचं, मग चाळून मोठ्या तव्यावर भाजायचा. किसल्यामुळे विष सुटं होतं, निथळलेल्या पाण्याबरोबर आणि भाजताना वाफेबरोबर जातं. यातली एकही पायरी फुकटची नाही. १९६०च्या दशकात इबादानचे डॉक्टर ओसुंटोकुन यांनी नायजेरियातल्या काही गावांत पाय लटपटणाऱ्या, नजर मंदावलेल्या माणसांचा अभ्यास केला. ती माणसं वर्षानुवर्षं मुख्यतः कसाव्यावर जगत होती आणि जोडीला प्रथिनं फारच कमी होती. म्हणून बाजारात कसावा चाखून बघायचा नाही, कच्चा खायचा नाही, आणि फुफूसाठी आणलास तर सोलून भरपूर पाण्यात शिजवायचा.

गारी विकत घेताना मूठभर हातात घेऊन बघ. कोरडी, खरखरीत आणि वासाला किंचित आंबट हवी. गोळे होत असतील, तर तिला ओल लागली आहे. तिकडची पोरं गारी थंड पाण्यात भिजवून, साखर आणि शेंगदाणे घालून खातात. शाळेच्या वसतिगृहात तर त्यावरच दिवस निघतात. त्यात शेंगदाणे मुठीने पडले पाहिजेत, कारण गारीत पिठाशिवाय फारसं काही नाही. आपण साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट घालतो ते केवळ चवीसाठी नाही, हे मला तिकडे गेल्यावर उमगलं.

आणि शेंगदाणे निवडायला कंटाळू नकोस. दमट हवेत त्यांना बुरशी लागते. तिचं विष यकृतावर जातं आणि शिजवून, भाजून नाहीसं होत नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बुरशी लागलेल्या मक्याने शंभरावर माणसं गेली होती. तेही हेच विष. सुरकुतलेला, काळा पडलेला, फुटका दाणा बाहेर टाक. भाजल्यावर सालं चोळून काढ, म्हणजे आतला डागाळलेला दाणा दिसतो. एखादा कडू लागला तर गिळू नकोस. शेंगदाण्याच्या कालवणासाठी तयार लगदा विकत मिळतो, पण त्यात कोणते दाणे गेले ते आपल्याला कळत नाही. आपण दाणे निवडायचे आणि बाजारातल्या गिरणीवर समोर उभं राहून दळून आणायचे. तिकडच्या जाणत्या बायका तसंच करतात.

पाला. यावर मी तासभर बोलू शकेन. कोंटोमिरे हा तिथल्या अळकुडीच्या जातीचा पाला, आपल्या अळवाच्या जवळचा, तेव्हा घशाला खाजेल इतका कच्चा ठेवायचा नाही, हे तुला सांगायला नको. तो अगुशीबरोबर शिजवतात. अगुशी म्हणजे कलिंगडाच्या गोतातल्या एका फळाच्या बिया. त्यांत जवळजवळ निम्मं तेल आणि पाव हिश्शाहून अधिक प्रथिन असतं. त्या वाटून कालवणात सोडल्या की दाटपणा येतो. जावईबापू मासे खात नाहीत, त्यांच्या पानात अगुशी आठवड्यातून दोनदा तरी येऊ दे. उत्तरेकडच्या बायका ज्यूटच्या कोवळ्या पाल्याचं बुळबुळीत कालवण करतात, त्याला आयोयो म्हणतात. बुळबुळीत म्हणून नाक मुरडू नकोस. भेंडीचा आणि आयोयोचा तो बुळबुळीतपणा म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथा. पोट साफ राहतं आणि जेवणानंतर साखर हळू चढते. नायजेरियात गेलीस तर लागोसच्या बाजारात कुरडू दिसेल. होय, आपली पावसाळ्यातली रानभाजी कुरडू. तिकडे लोक ती मुद्दाम लावतात आणि जुडीने विकतात. कोकणात आपण तिला चार दिवसांची पाहुणी समजतो, ते चुकतं.

नायजेरियातल्या इग्बो लोकांचा एक कडू पाला आहे. तो चोळून चोळून, पाणी बदलून धुतात आणि कडवटपणाची जेवढी खूण हवी तेवढीच ठेवतात. त्याच्याबद्दल तुला कुणी सांगेल की तो मधुमेह घालवतो. ऐकून घे, भाजी म्हणून खुशाल खा, पण कुणाचीही गोळी त्या पाल्यावर बंद होऊ देऊ नकोस. तसंच तिकडे वाटाण्याएवढी हिरवी रानवांगी मिळतात. रक्त कमी असलेल्या बायकांना पामच्या कालवणातून देतात. चांगली चाल आहे. मात्र दवाखान्याने लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चालूच ठेवायच्या.

कालवणाची चव कशाने येते? इथे मला जीव तोडून सांगायचं आहे. उत्तर घानात दावादावा असतो, नायजेरियात त्याला इरू म्हणतात, मालीकडे सुंबाला. एका मोठ्या झाडाच्या शेंगांतल्या बिया. त्या रात्रभर उकळायच्या, टरफलं काढायची, पुन्हा शिजवायच्या, मग झाकून दोन-तीन दिवस आंबवायच्या. काळपट गोळे होतात आणि वास असा येतो की पहिल्यांदा माणूस मागे सरतो. तेलात परतलास की तोच वास खमंग होतो. त्यात प्रथिन भरपूर, आणि चव इतकी खोल की मीठ कमी घातलं तरी कालवण अळणी वाटत नाही. शतकानुशतकं गरिबाच्या कालवणात हे होतं. मग दुकानांत चांदीच्या कागदातल्या मसाल्याच्या क्यूब आल्या. स्वस्त, पटकन विरघळणाऱ्या, आणि साधारण निम्म्या नुसत्या मिठाच्या. बाई एका पातेल्यात चार-चार टाकते, वर मीठ वेगळं. खारवलेली मासळी असते तिचं आणखी वेगळं. पश्चिम आफ्रिकेत रक्तदाबाने आणि पक्षाघाताने माणसं ऐन उमेदीत पडतात, त्यामागे हे मीठ मोठं आहे. दावादावा करणाऱ्या म्हाताऱ्या बायका कमी होत चालल्या आणि सुनांना त्याची लाज वाटते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू आण. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि शेजारणींसमोर उघडपणे वापर. परदेशातून आलेली बाई आवडीने खाते हे पाहून त्यांच्यातल्या तरुण मुलींनाही बरं वाटतं. जावईबापूंच्या कालवणात क्यूब नको म्हणजे नकोच. चॉप बारमध्ये मागवलंत तर ती असणारच, म्हणून बाहेरचं कालवण रोज नको.

तू मासे खातेस, तुझं सोपं आहे. धुरी दिलेली मासळी घे, खारवलेली कमी. छोटी मांदेलीएवढी सुकी मासळी मिळते, ती काट्यासकट खायची. कॅल्शियम काट्यात असतं. वाळू झटकून, कोमट पाण्यात धुऊन, मग कुटून पूड करून ठेव. आणखी एका कामाला लागणार आहे, ते पुढे सांगते.

लाल पामतेलावरून तुझे आणि तुझ्या डॉक्टरचे वाद होतील. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्याचा लाल रंग गाजरात असतो त्याच जातीच्या द्रव्याचा. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं, आणि जिथे पोरांची रात्रीची नजर त्याविना जाते तिथे हे तेल मोलाचं आहे. पण त्यातली जवळजवळ निम्मी चरबी लोणी-तुपात असते त्या प्रकारची. म्हणून ते तळणीचं तेल नव्हे, कालवणात चमच्याने घालायचं तेल आहे. काही जण ते धूर येईपर्यंत तापवून पांढरं करतात. त्यात गुण होता तो रंगच जाळून टाकला, मग उरलं काय? विकत घेताना ओळखीच्या बाईकडूनच घे. फार भडक, कुंकवासारखं लाल दिसलं तर सोड. २०१५च्या सुमारास घानाच्या अन्न-औषध खात्याला बाजारातल्या पामतेलात सुदान नावाचा कारखान्यांत वापरायचा रंग मिसळलेला सापडला होता. तो पोटात जाण्याच्या लायकीचा नाही.

चवळी हा तिकडच्या गरिबाचा आधार आणि जावईबापूंच्या पानाचाही. वाचे घ्यायला सकाळीच जा, दुपारपर्यंत पातेली रिकामी होतात. वाचे म्हणजे एकत्र शिजवलेली चवळी आणि तांदूळ. शिजवताना त्यात ज्वारीच्या ताटाच्या वाळलेल्या पानांची जुडी टाकतात. तिने भाताला विटकरी रंग येतो. आपल्या सोलापूरकडे एवढी ज्वारी पिकते, पण हा उपयोग कुणी केलेला मी पाहिला नाही. विकणारीला दोन प्रश्न विचार. कानवा घातला का? तो एक खार असतो. चवळी लवकर शिजावी म्हणून घालतात आणि त्यातूनही सोडियम जातं. घरी रात्रभर भिजवलीस तर त्याची गरज नाही. दुसरा प्रश्न, मासळीचा रस्सा वेगळा आहे ना? वाचे साधा मिळतो, वरची मिरचीची चटणी मात्र बहुधा मासळीची असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम गरम भरू देऊ नकोस. पान माग, नाहीतर डबा ने.

लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत तिकडे सोबोलो, नायजेरियात झोबो, सेनेगलमध्ये बिसाप. रक्तदाब थोडा उतरवतं हे खरं, पण थोडाच, आणि साखर ओतली तर तोही फायदा गेला. रस्त्यावरच्या जुन्या बाटल्यांतलं पिऊ नकोस. घरी वाळलेल्या पाकळ्या आलं, लवंग आणि अननसाच्या धुतलेल्या सालांबरोबर उकळ. सालांचा गोडवा उतरतो, साखर नावापुरती लागते. जावईबापूंची गोळी चालू आहे, तेव्हा एखादा पेला पुरे, आणि डॉक्टरला सांगून. पुन्हा दिवस राहिले तर तू बंद कर.

फोनिओ म्हणजे बारीक वऱ्यासारखं धान्य, गिनीच्या डोंगराळ भागातलं. काही जाती दोन महिन्यांच्या आत हाती येतात, म्हणून जुनं धान्य संपून नवं यायच्या मधल्या भुकेच्या दिवसांत त्याने माणसं जगवली. दाणा इतका बारीक की कांडण्यात बायकांचे हात जायचे. सेनेगलच्या सानुसी दियाकिते यांनी त्यासाठी यंत्र काढलं आणि १९९६ मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. उपम्यासारखा कर, छान होतो. पाण्यातून चार वेळा काढ, वाळू असते. आजकाल चमत्काराचं धान्य म्हणून डबीत भरून महाग विकतात. चमत्कार वगैरे काही नाही, चांगलं धान्य आहे. गोरखचिंचेच्या फळातल्या पांढऱ्या गराचंही तसंच. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी जास्त असतं. तो गर गार पाण्यात कालवून जेवणाबरोबर घे, म्हणजे पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. उकळू नकोस, उकळलास तर जीवनसत्त्व जातं.

तुझ्या शेजारीपाजारी कुणी बाळंत झाली, तर प्रेकेसे नावाची लांब, काळी, चौधारी शेंग घालून केलेलं पामच्या फळांचं कालवण तिच्या घरी शिजताना वास येईल. इग्बो घरांत मुलीची आई येऊन राहते आणि तिला तिखट, गरम पेपर सूप पाजते. आपल्या डिंकाच्या लाडवांइतकाच त्यांचा या गोष्टींवर विश्वास आहे. त्यात गरम पातळ पदार्थ, मासळी-मांस आणि आईची विश्रांती हे तिन्ही आहे. तुला वाडगा पाठवला तर आनंदाने घे. कुणी जेवत असताना तू पोचलीस तर ते तुला पानावर बोलावतील. उजवा हात धुऊन एक घास तरी घे.

आता बाळाचं. पुढच्या महिन्यात त्याला सहा महिने पूर्ण होतील आणि वरचं अन्न सुरू होईल, तेव्हा हे नीट ऐक. तिथली सवय म्हणजे बाळाला कोकोची पातळ पेज पाजायची. पोट भरतं, पोर झोपतं, आणि आत जातं ते बहुतेक पाणी. १९२९ साली सिसिली विल्यम्स नावाची जमैकात जन्मलेली डॉक्टर तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात आली. आक्र्याच्या लहान मुलांच्या रुग्णालयात तिने पाय सुजलेली, कातडी सोलवटलेली, केसांचा रंग उडालेली पोरं पाहिली. तिथल्या बायकांना हे दुखणं ठाऊक होतं, आणि ते कोणत्या पोराला होतं हेही: पाठचं भावंड आलं, अंगावरचं दूध सुटलं आणि नुसत्या मक्याच्या पेजेवर राहिलं, त्याला. तिने १९३३ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि दोन वर्षांनी त्या बायकांचाच क्वाशिओरकोर हा शब्द जगातल्या डॉक्टरांपुढे ठेवला. आज डॉक्टर म्हणतात की त्याला फक्त प्रथिनांची कमतरता कारण नाही. पण नुसत्या पेजेवर वाढणारं मूल धोक्यात असतं, यात कुणालाच शंका नाही.

त्यावर १९८७ मध्ये घानाचं आरोग्य खातं आणि युनिसेफ यांनी घरीच करता येणारं एक पीठ सांगितलं, वीनिमिक्स. आठ वाट्या मका, एक वाटी चवळी किंवा सोयाबीन, एक वाटी शेंगदाणे. चवळी भिजवून, साल काढून, वाळवून भाज. मका वेगळा भाज. दाणे भाजून निवड. मग एकत्र दळ. थोडंच दळ, महिनाभर पुरेल एवढं, नाहीतर शेंगदाण्याचं तेल खवट होतं. शेंगदाणे पहिल्यांदा देताना चिमूटभर दे आणि अंगावर काही उठतं का ते बघ. पेज इतकी दाट हवी की चमचा कलता केला तरी पटकन ओघळणार नाही. घट्ट झाली म्हणून पाणी ओतू नकोस. मोड आणून वाळवलेल्या बाजरीचं पीठ चिमूटभर घालून पेज पुन्हा एक उकळी येऊ दे. ती सैल होते आणि पाणी वाढत नाही. बाटलीने पाजायची नाही, वाटी-चमच्यानेच. वर त्या काट्यासकट कुटलेल्या मासळीची पूड अर्धा चमचा आणि लाल तेलाचे दोन-चार थेंब. मीठ नाही, साखर नाही, वर्षाचं होईपर्यंत मध नाही. अंगावरचं दूध चालू ठेव.

दर महिन्याला त्याला वजनाला ने. तिथे बायका बाळं पाठीला बांधून सकाळी लवकर रांग लावतात. तूही लाव, कुणाची ओळख काढून पुढे घुसू नकोस. रांगेत शेजारी बसलेल्या आईला तिच्या पेजेत काय असतं ते विचार. ज्या महिन्यात कार्डावरची रेघ वर चढली नाही, त्या महिन्यात पेजेची एक वाटी वाढव, मासळीची पूड दुप्पट कर, आणि ताप-हगवण झाली होती का ते नर्सला न लपवता सांग.